केशकल्लोळ तेल आणि देवडीवरची घंटा

भिवरा कासारणीने ताकाचं मडकं उचललं आणि दवंडीवाल्या सटवाच्या डोक्यावर उपडं केलं! डफ भिजला, मिशा भिजल्या आणि प्रकरण थेट महिपतराजांच्या दरबारात गेलं.

तक्रार होती झुंबरशेट तेलवाल्यांची. त्यांच्या तेलाची दवंडी सटवा आधी फक्त चौकात पिटायचा:

"केशकल्लोळ लावा हो, केशकल्लोळ लावा!
टकलावरती डुलेल केसांचा ताटवा!"

लोक हसायचे, पोरं मागे नाचायची. मग शेटजींना हाव सुटली. त्यांनी राजांकडून परवाना मिळवला आणि सटवा घरोघरी कडी वाजवून तेच गाणं म्हणू लागला. माणूस जेवायला बसलं की हमखास!

"चौकात हेच ऐकून तू टाळ्या वाजवत होतीस ना?" राजांनी भिवराला विचारलं.

"वाजवत होते, महाराज."

"शब्द तेच? आवाज तोच?"

"आवाज तर तोच मेल्याचा!"

"मग ताक का?"

"रात्रभर रडलेलं लेकरू नुकतं निजलं होतं, महाराज. कडी वाजली. वाटलं, वैद्यबुवा आले गुटी घेऊन. धावत गेले, तर दारात केसांचा ताटवा!"

दरबार खो खो हसला. पण राजे पडले हट्टी. एकदा दिलेला परवाना मागे घेणं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटे. "आम्हाला तर हे गाणं भारी आवडतं," ते म्हणाले आणि त्यांनी ते गुणगुणूनही दाखवलं. भरजरी पगडी तालात डोलली. त्या पगडीखाली काय आहे, किंवा काय नाही, हे सगळ्या राज्याला ठाऊक होतं. बोलायची कुणाची छाती नव्हती.

झुंबरशेटना जोर चढला. "महाराज, ही स्वतःच दारोदार फिरते बांगड्या विकत!"

भिवरा गर्रकन वळली. "मी रस्त्यात हाळी देते, शेटजी. जिला हव्यात ती हाक मारते, पाट मांडते, तेव्हा मी उंबरा ओलांडते. तुमच्या सटवापुढे आजवर कुणी पाट मांडलाय?"

"ताक ओतलंय!" सटवा कुरकुरला.

राजांनी हात वर केला. "पैज! आठ दिवसांत याच माणसाने, याच शब्दांत, याच आवाजात आम्हाला संताप आणून दाखवायचा. आला, तर परवाना फाडू. नाही आला, तर तुझी बांगड्यांची पेटी जप्त, आणि वर्षभर शेटजींचं तेल घेऊन तूच दारोदार ओरडायचं!"

ज्या घरांत भिवराला गूळपाणी मिळायचं, तीच घरं तिला बघून दारं लावून घेणार! आणि आवडत्या गाण्याचा राग आणायचा तरी कसा? तेवढ्यात तिने पाहिलं, बोलता बोलता राजांचे डोळे सारखे देवडीकडे वळत होते.

कारण अख्ख्या नगरीला माहीत होतं. राजकन्या हेमावतीचे दिवस भरले होते. बाळ झालं की तिच्या सासरहून साखर घेऊन स्वार येणार होता, आणि तो आला की देवडीवरची मोठी घंटा वाजणार होती.

"कबूल, महाराज," भिवरा म्हणाली. "पण सटवा आमची कडी वाजवतो, तशी त्याने तुमची घंटा वाजवायची. त्याला अडवायचं नाही."

"वाजवू दे की!" राजे दिलखुलास म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राजे अंगभर उटणं लावून स्नानाला बसले होते. घण्! घण्! घण्!

"साखर आली!" राजे पंचा सावरत, ओल्या पायांनी घसरत, पगडीबिगडी न घालता धावत सुटले. मागून राणीसाहेब, त्यांच्या मागून दासी. देवडीत उभा होता सटवा! त्याने राजांच्या चकचकीत डोक्याकडे पाहिलं, घाईघाईने डोळे मिटले आणि डफावर थाप मारली:

"टकलावरती डुलेल केसांचा ताटवा!"

दासींनी तोंडात पदर कोंबले. "छान," राजे म्हणाले. आवाज जरा बारीक निघाला.

दुपारी पुरणपोळीचा पहिला घास तोंडाशी नेला, तोच घंटा! राजे पानावरून उठून धावले. सटवा! संध्याकाळी झोपाळ्यावर डोळा लागला, तोच घंटा! पुन्हा सटवा! पुढे राजे "छान" म्हणेनासे झाले. मग सटवाकडे बघेनासे झाले. मग तर घंटेच्या नुसत्या आवाजाने त्यांचं टक्कल लाल व्हायला लागलं.

आठवा दिवस उजाडला. निकालासाठी दरबार भरला आणि घंटा वाजली.

"हाकला त्या गाढवाला!" राजे सिंहासनावरून ओरडले. "डफ फोडा त्याचा! खंदकात बुडवा!"

शिपाई देवडीकडे धावले.

"अहो थांबा!" भिवरा ओरडली. "महाराज, सटवा तर हा काय, माझ्या शेजारी उभा आहे!"

राजांनी सटवाकडे पाहिलं. सटवाने नम्रपणे मुजरा केला.

"मग घंटा कोणी..."

शिपायांनी मानगूट धरून एका धुळीने माखलेल्या स्वाराला आत आणलं. त्याने साखरेचा डबा छातीशी घट्ट धरला होता. "महाराज, नात झाली! बाळबाळंतीण सुखरूप आहेत! पण मला बुडवता कशाला?"

राजांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मूठभर साखर तोंडात टाकली आणि तशाच भरल्या तोंडाने विचारलं, "भिवरा, शब्द तेच. मग चौकात हसू आणि दारात संताप, असं का?"

"चौकातलं टक्कल सगळ्यांचं असतं, महाराज. दारातलं आपलं एकट्याचं!"

भिवरा थांबली नाही. "आणि चौकात आपण कुणाची वाट बघत नसतो. दारात कडी वाजली की जीव आधी धावतो, पाय मागून. शेटजी तो जीव फुकटात पळवतात. मग साखर आली तरी आपण म्हणतो, हाकला!"

मग राजांनी स्वतःच्या हाताने पगडी काढली, टकलावर टपली मारली आणि असे हसले, असे हसले, की साखरेचा ठसका लागला! परवाना तिथल्या तिथे फाडला. सटवाला नवा डफ मिळाला, फक्त चौकासाठी.

"भिवरा, माग काय हवं ते!"

"नातीच्या बारशाला राजकन्येला बांगड्या भरायचा मान द्या."

"दिला! उद्याच जा!"

"छे, महाराज! बोलावणं येऊ द्या. न बोलावता गेले, आणि तिथेही कुणी ताक घेऊन उभं असलं तर?"

राजांना पुन्हा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराच्या दाराची कडी वाजली. तिने ताकाचं मडकं उचललं, दार उघडलं, आणि पाहते तर दारात बोलावण्याची पालखी!