पितृपक्षात बदललेली सिस्टीम

हरणेवाडी गावात गौतमी चौगुले नावाची एक पट्टीची ड्रायव्हर राहत होती. तिची गाडी मात्र कधी रस्त्यावर आली नाही. ती धावायची कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि समोर पडद्यावर घाटाची वळणं. गावात असे खेळणारे आणखी काहीजण होते. त्यांत अव्वल दिग्विजय. गौतमीचा नंबर दुसरा, आणि तो तिला अजिबात आवडत नव्हता.

त्या वर्षी जिल्ह्याची अंतिम शर्यत दसऱ्याच्या संध्याकाळी तालुक्याच्या गावी होती. ज्याने त्याने आपापला कॉम्प्युटर घेऊन यायचं. पहिला येईल तो राज्याच्या संघात. वयाच्या अटीमुळे गौतमीचं हे शेवटचं वर्ष होतं. या खेपेला नाही, तर कधीच नाही.

पण तिच्या कॉम्प्युटरला एक दुखणं होतं. ऐन अवघड वळणावर चित्र अडखळायचं. आणि गेले काही दिवस पडद्यावर सूचना येत होती, नवीन ऑपरेटिंग सिस्टीम घ्या. ही सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. नवा कारभारी आला की गेम सुरळीत चालतो, असं ऐकिवात होतं. पण खात्री कोण देणार? जुना निदान ओळखीचा तरी होता. बदलावं की राहू द्यावं?

सूचना सगळ्यांनाच आली होती. दिग्विजयने निकाल देऊन टाकला. "बदलूया की. पण दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तातला एक हाय, त्यो सोडून आत्ताच कशाला?"

सगळ्यांना पटलं. हरणेवाडीत ट्रॅक्टर यायचा तो दसऱ्याला, दुकान उघडायचं ते दसऱ्याला. मग सिस्टीमनेच काय घोडं मारलं होतं?

गौतमीला मात्र चैन पडेना. सकाळी बदलली आणि बिघडली, तर संध्याकाळी गाडी पळणार कशी? बदललीच नाही, तर त्या वळणावर मार ठरलेला. शेवटी तिने ठरवलं की आत्ताच बदलून बघायची. नाही मानवली तर पुन्हा जुनीवर जायचं. सुरुवातीचे काही दिवस तशी परतीची सोय असते.

आणि आत्ता चालू होता पितृपक्ष.

घरात गहजब झाला. तिचे वडील, अप्पा, पंचांग बघितल्याशिवाय केससुद्धा कापत नसत. ते म्हणाले, "पितरांचं दिवस चालल्यात आणि तू नवीन कायतर सुरू करतीस व्हय?"

"अप्पा, बिघडलं तर निस्तरायला दिवस पाहिजेत. दसऱ्याला मुहूर्त मिळंल, दिवस कुठनं आणू?"

अप्पा रागावले. पंचांग उचलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

गौतमीने आपलं सगळं सामान दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलं आणि बटण दाबलं. इतकी माणसं नको म्हणत असताना आपलंच खरं करायला छाती लागते.

आणि बिघडलंच. स्टिअरिंग मेल्यासारखं पडलं. कॉम्प्युटरशी त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम जुना होता, तो नव्या सिस्टीमला चालेना. दिग्विजय आणि कंपनीने भरपूर हसून घेतलं. पितर कोपले म्हणाले. गौतमी हिरमुसली, पण हटली नाही. शोधाशोध करून तिने नवा प्रोग्रॅम मिळवला आणि स्टिअरिंग जिवंत केलं. मग लक्षात आलं की ब्रेक पूर्वीपेक्षा चटकन लागतोय. सवयीने पाय दाबला की गाडी गर्रकन फिरून भिंतीवर. असं इतक्यांदा झालं, की तिला परत जुन्याकडे वळावंसं वाटू लागलं. पण एकदा ती अवघड वळणापर्यंत पोचली आणि थक्कच झाली. चित्र जराही अडखळलं नाही. मग तिने नवीच सिस्टीम ठेवली. सगळं नवरात्र ती आपल्या पायाला नवा ब्रेक शिकवत बसली.

इकडे खंडेनवमीला मुलांनी आपापले कॉम्प्युटर पुजले. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ चढली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून सरावही बंद. दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर नारळ फुटला आणि सगळ्यांनी एकदम बटणं दाबली.

दुपारी दिग्विजय गौतमीच्या दारात उभा होता. चेहरा पार उतरलेला. "गौतमी, स्टिअरिंग फिरंना. कुणाचंच फिरंना. आता जुनीवर परतायलाबी येळ नाय."

ती गप्प राहिली असती तर गावातले सगळे घरीच राहिले असते, आणि सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी वाटेतून बाजूला झाला असता. हा विचार तिच्याही मनात आला. का येऊ नये? हसले होते ते तिला. पण बंद पडलेल्या गाडीला हरवण्यात तिला काडीचा रस नव्हता. तिने प्रत्येकाचं स्टिअरिंग चालू करून दिलं. वर बजावलं, "ब्रेक हलका दाबा. आता तो लवकर लागतोय."

सगळे टेम्पोत बसून तालुक्याला गेले. शर्यत बघायला अप्पा आणि गावची माणसंही निघाली. शर्यत सुरू झाली आणि दिग्विजय वाऱ्यासारखा सुटला. गौतमी त्याच्या मागोमाग. ब्रेक हलका दाबायचा हे दिग्विजयच्या डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. शेवटच्या अवघड वळणावर पाय सवयीने दाबला गेला आणि त्याची गाडी फिरली. गौतमीचा पाय मात्र अलगद पडला. तिची गाडी कठड्याला न शिवता, रेषेवरून आखल्यासारखी वळली आणि सरळ पुढे निघून गेली. मागचे मागेच राहिले.

गौतमी चौगुले जिल्ह्यात पहिली आली. राज्याच्या संघात तिचं नाव लागलं. सभागृह दणाणून गेलं. हरणेवाडीच्या लोकांनी तर उभ्याउभ्या नाचायला सुरुवात केली. दिग्विजयने तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाला, "सोनं घे. तुझंच हाय आज." हे तो मनापासून म्हणाला. तिला आनंदाने रडू आवरेना.

गावचे एक जाणते गृहस्थ अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "दसऱ्याचा दिवसच मोठा. यश मिळणारच."

अप्पांनी लेकीकडे बघितलं. त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती. ते म्हणाले, "यश आज मिळालं. काम पितृपक्षात झालंय."

तात्पर्य: नवं काही करायचं तर शुभ दिवसाची वाट बघत बसू नये. चुका सुधारायला पुरेसा वेळ हाती उरतो, तोच त्या कामाचा खरा मुहूर्त.