हौसाक्काचं फुलेल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मात्र विचारू नका. आमच्या मळीवाडीत कुणी सन-साल सांगितलं की शेजारचा लगेच म्हणतो, "कशावरनं?" असं आमचं गाव. दूध घेताना भांड्याच्या तळापर्यंत बोट घालून बघणारं. पाहुण्याला या म्हणायच्या आधी तो का आला असेल याचा विचार करणारं. तर फार वर्षांपूर्वी या गावात हौसाक्का नावाची एक तेलीण राहत होती.

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. एक लाकडी घाणा आणि तो फिरवणारा पांढरा बैल, एवढाच तिचा संसार. गावातल्या प्रत्येक दिव्यात आणि प्रत्येक कढईत तिच्याच घाण्याचं तेल असे. त्या तेलात कधीतरी भेसळ सापडेल म्हणून गावानं वीस वर्षं वाट पाहिली. ती सापडली नाही, म्हणून गावाचा संशय आणखी वाढला, असं म्हणतात.

आता आमच्याकडचं पीक म्हणजे तंबाखू. नदीकाठची काळी मळी, तिच्यात कमरेएवढी झाडं. झाडाला कळ्यांचा तुरा आला, की सकाळी उठून बायामाणसं रानात जातात आणि शेंडा खुडून टाकतात. फूल धरू दिलं तर सगळा जोर वर जातो आणि पान हलकं पडतं. खुडलेले शेंडे बांधावर फेकायचे, ते दुपारपर्यंत सुकून जातात. पिढ्यान् पिढ्या तंबाखू पिकवणाऱ्या आमच्या गावात तंबाखूचं उमललेलं फूल धड कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याची कुणाला गरजही वाटली नव्हती.

एका वर्षी मार्गशीर्षात एका घराला सुतक आलं आणि त्यांच्या रानाचा एक कोपरा खुडायचा राहिला. हौसाक्काचा बैल दावं तोडून नेमका तिकडंच गेला. त्याला हुडकत ती दिवेलागणीला त्या कोपऱ्यात पोचली आणि जागच्या जागी थांबली. गुलाबी, लांब देठाची फुलं उघडली होती आणि त्यांचा वास सुटला होता. तो वास कसा होता, हे कुणी सांगू शकत नाही. कुणी म्हणतं, मधासारखा. कुणी म्हणतं, आईच्या जुन्या लुगड्यासारखा. हौसाक्का बैलाच्या पाठीवर हात ठेवून काळोख पडेपर्यंत तिथंच उभी राहिली. एवढा वास आपण दरवर्षी बांधावर फेकतो, याचं तिला फार वाईट वाटलं.

तिला फुलेल करता येत होतं. फुलेल म्हणजे फुलांचा वास धरलेलं तेल. सोललेले तीळ सुपात पसरायचे, त्यांवर फुलांचा थर द्यायचा, वर परत तीळ, परत फुलं. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुलं काढून ताजी घालायची. तीळ वास पिऊन घेतात. मग तेच तीळ घाण्यात घालायचे. जाईचं, मोगऱ्याचं फुलेल तिनं माहेरी आजीच्या हाताखाली केलेलं होतं. तंबाखूचं कुणी केलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तिनं घाण्यामागच्या परड्यात तंबाखूची वीस रोपं लावली आणि त्यांचे शेंडे खुडले नाहीत. झालं. वाऱ्यावर डुलणारे ते गुलाबी तुरे गावाला रस्त्यावरून दिसू लागले. शेंडा न मारलेली तंबाखू म्हणजे आमच्याकडं डोकं ताळ्यावर नसल्याची खूण. नरगोंडा पाटील, म्हणजे त्या वेळचा गावचा पाटील, स्वतः कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"हौसाक्का, ही झाडं कशापायी ठेवलीस?"

"फुलासाठी, आण्णा."

"तंबाखूला फूल कशाला लागतंय?"

"तंबाखूला न्हाई. मला लागतंय."

पाटील माघारी गेला, पण त्या दिवसापासून कुंपणाबाहेर कुणी ना कुणी रेंगाळताना दिसू लागलं. कुणाची शेळी हरवलेली असे, तर कुणाच्या पायात काटा रुतलेला असे, आणि सगळ्यांना तो नेमका तिन्हीसांजेला तिथंच काढायचा असे. त्यांनी पाहिलं की ही बाई दिवसभर फुलांना हात लावत नाही. दिवा लावायची वेळ झाली, की परडी घेऊन येते, एकेक फूल तोडते, नाकाशी नेते, डोळे मिटते आणि आत जाऊन दार लावून घेते. तोंडात तंबाखूचा बार धरून उभ्या या लोकांना फुलांचा वास मात्र आला नाही. असं चाळीस दिवस चाललं. दार लावून बाई काय करते, याची चाळीस घरांत चाळीस उत्तरं तयार झाली.

त्यात त्या वर्षी तंबाखूचं पान हलकं पडलं. धुकं फार होतं, हे खरं कारण. पण धुक्याला चावडीत उभं करता येत नाही. "फुलातनं तिनं साऱ्या शिवाराचा कस वढून घेतला," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. बायकांनी तिच्याकडून तेल घेणं सोडलं. कुणी तीळ देईना. घाणा थांबला. हौसाक्कानं फुलांत मुरवलेले तेवढे तीळ घाण्यात घातले, तेलाची एक बुधली भरली आणि दोनच दिवसांत तिला चावडीतून बोलावणं आलं.

माघातली भर दुपार होती. सगळा गाव जमला होता. मधोमध आप्पय्या बसला होता. आप्पय्या म्हणजे गावाचं नाक. नुसतं पान हुंगून ते कुणाच्या रानातलं, कुठल्या बाजूचं, हे तो सांगायचा. परगावचे व्यापारी त्याच्या शब्दावर गाड्या भरायचे. हौसाक्कानं बुधली त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "गुन्हा असंल तर ह्यात हाय. बघा."

आप्पय्यानं बूच काढून हुंगलं. तळहातावर थेंब घेऊन चोळलं, परत हुंगलं. मग सगळ्यांकडं बघून म्हणाला, "तिळाचा वास हाय. दुसरं कायबी न्हाई."

चावडीत चुळबुळ झाली.

"चाळीस दिस दार लावून मग काय मुरवत हुतीस?" नरगोंडा पाटलानं विचारलं.

"वासच मुरवत हुते, आण्णा. पर ह्यो वास दिवसा उघडत न्हाई. झाडावरबी उघडत न्हाई, तेलातबी न्हाई. दिवेलागण हुईपत्तुर थांबा. मग काय द्याची ती शिक्षा द्या."

आता बघा, दुसरं गाव असतं तर थांबलं असतं. दोन प्रहरांचा तर प्रश्न होता. पण आमच्या गावाला त्यातही काहीतरी दिसलं. "तिन्हीसांजच कशापायी पायजे हिला?" कुणीतरी ओरडलं. "करणीवाल्यांचा जोर तवाच चढतोय!" तिनं वेळ मागितला, तोच तिच्या विरुद्धचा पुरावा ठरला. पाटलानं सांगितलं, सूर्य मावळायच्या आत गावची शीव ओलांडायची. बुधली त्यानं चावडीच्या उंबऱ्याबाहेरच्या चौथऱ्यावर ओतली. तेल दगडावर पसरलं आणि मुरून गेलं.

आप्पय्याला त्या वेळी शंका आली होती, असं म्हणतात. तपकीर ओढून ओढून आपलं नाक पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पण ते कबूल केलं असतं तर गावाचं नाक गेलं असतं. तो गप्प राहिला. मला या माणसाचा फार राग येतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही गप्पच राहिलो असतो, याचा त्याहून जास्त येतो.

हौसाक्का रडली नाही. तिनं बैल सोडला, दोन लुगड्यांचं गाठोडं त्याच्या पाठीवर टाकलं आणि उतारानं नदीकडं निघून गेली. वाटेत सगळ्यांची दारं लावलेली होती, पण फटीतून सगळे बघत होते.

सूर्य मावळला. पहिला दिवा लागला. आणि चावडीच्या चौथऱ्यावरून वास उठला.

तो असा उठला, असं म्हणतात, की रडणारी पोरं गप्प झाली. तळहातावर तंबाखू मळत बसलेले हात तसेच थांबले. गोठ्यात जनावरांनी वैरणीतून माना वर काढल्या. भांडून आठ वर्षं न बोललेल्या दोघी जावा एकमेकींना विचारू लागल्या, "तुला येतोय का गं?" नदीपासून माळापर्यंत गावाचा एकही कोपरा राहिला नाही. आप्पय्या चौथऱ्यावर पालथा पडला आणि दगडाला नाक लावून हमसून हमसून रडू लागला. कित्येक वर्षांत त्याला इतका स्वच्छ वास आला नव्हता.

मग सगळा गाव नदीकडं धावला. संधिप्रकाश अजून होता. पलीकडच्या काठावर पांढरा बैल दिसत होता आणि त्याच्याशेजारी ती.

"हौसाक्का!" नरगोंडा पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं. "गावाचं चुकलं! माघारी ये!"

ती वळली. मग पाण्यावरून आवाज आला, "तेल तुमी वतलंसा, आण्णा. माघारी यून तुमास्नी आता काय दावू?"

आणि ती चालू लागली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. लोकांनी गावोगावच्या बाजारांत शोधलं, तेल्यांच्या घरोघर विचारलं. इकडं आमच्या बायकांनी फुलं ठेवली, तीळ मुरवले, चाळीसच्या जागी ऐंशी दिवस मुरवले. तेलाला तिळाचाच वास आला. दिवसाही आणि दिवेलागणीलाही. तिच्या हाताला काय ठाऊक होतं, ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

आजही आमच्या शिवारात प्रत्येक रानातली एक सरी खुडत नाहीत. तिला हौसाक्काची सरी म्हणतात. पान हलकं पडलं तरी चालतं, पण ती उभ्या फुलाची ठेवतात. आणि गावात कुणावर चोरीचा, करणीचा, कसलाही आळ आला, तरी दिवसा निवाडा करत नाहीत. आळ आलेल्या माणसाला त्याच चौथऱ्यावर बसवतात, पाणी देतात, आणि सगळा गाव त्याच्या भोवती दिवेलागणीपर्यंत थांबतो. कुणी घाई केली, तर म्हाताऱ्या बायका त्याला खाली बसवतात, "हौसाक्काची वेळ होऊ दे."

मग दिवा लागतो. सगळे जण हळूच श्वास ओढून घेतात. वास आला की नाही, हे कुणी कुणाला विचारत नाही. शेजाऱ्यावर संशय घेण्यात उभा जन्म घालवणारं आमचं गाव, तेवढ्या वेळापुरतं, आपापल्या नाकावर संशय घेत बसलेलं असतं.