दुपारी निजणारी विहीर

किनाऱ्यावरून तिळाएवढं दिसणारं एक बेट होतं. तिथे धाकू तांडेल नावाचा नावाडी आणि त्याची बायको आवडाबाई अशी दोघंच राहत. बेटावर गोड्या पाण्याची एकच विहीर. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध ही गोडी! ही विहीर दुपारी निजते, असं जुनी माणसं सांगत. ऊन डोक्यावर आलं की पोहरा कुणी सोडत नसे. मग सारं बेटच निजे. माड डुलक्या काढत, लाटासुद्धा पाऊल न वाजवता येत.

एकदा वाट चुकून काही पाहुणे आले. ते पाणी प्यायले आणि सावलीत असे झोपले, की उठल्यावर मनातलं ओझंच नाहीसं झालं. गोष्ट किनाऱ्यावर पसरली. पुढल्या वर्षी धाकूने भाडं घेऊन होडीभर माणसं आणली, त्याच्या पुढल्या वर्षी रोजच होडीभर. धाकूला आकाश ठेंगणं झालं. भेटेल त्याला तो सांगे, "औंदा दुप्पट इली."

दुप्पट माणसांना दुप्पट पाणी लागणारच. भर दुपारीही रहाट कुरकुरू लागला. आवडाबाई विहिरीकडे बोट दाखवून म्हणाली, "अवो, बावेक वायच निजांद्या." पण हाव सुटलेल्या माणसाला बायकोचं बोलणं कुठलं ऐकू येतंय?

होता होता विहिरीचं पाणी मचूळ झालं. उपसा वाढला तसा खालून समुद्र आत शिरला होता. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, झोपही कुणाला लागेना. पुढल्या वर्षी निम्मेच आले, मग त्याहून कमी.

किनाऱ्यावरचा एक व्यापारी म्हणाला, पाणी मी पुरवतो, तू फक्त माणसं आण. धाकू हो म्हणणारच होता. पण त्या दुपारी त्याने आवडाबाईला खारट पेज मुकाट्याने गिळताना पाहिलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्याने व्यापाऱ्याला नकार दिला. विहिरीवर माडाची झापं टाकली, पाहुणे बंद केले आणि तो किनाऱ्यावरून होडीतून घरापुरतं पाणी आणू लागला. पोटाला मासळी होतीच.

दोन पावसाळे गेले. मग आवडाबाईने ओंजळभर पाणी चाखलं. ते पुन्हा गोड झालं होतं. ती विहिरीच्या काठाशीच दुपारभर गाढ झोपली.

धाकू पुन्हा पाहुणे आणू लागला, पण थोडेच. बाकीच्यांना तो हात जोडून परत पाठवी. किनाऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, "औंदा किती माणसां इली?"

धाकू म्हणाला, "पाणी गोड ऱ्हवात तितकी."

तात्पर्य: ज्या गोडीसाठी जग दारी येतं, ती आधी जपावी; गर्दीच्या हावेपायी ती गमावली, तर गर्दीही जाते आणि आपलं घरही तहानलेलं राहतं.