तिसरी तार

डोंगरावरच्या एका शाळेत पूर्वी एक पियानो होता. सहा वर्षं त्याचे सूर कुणी लावले नव्हते, त्यामुळे तो बेसूर वाजायचा. मुख्याध्यापक तो विकायला निघाले, तेव्हा संगीताच्या दस्तूरबाईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि सूर लावणाऱ्या आग्नेलकाकांना बोलावलं.

पियानोत बहुतेक सुरांसाठी तीन-तीन तारा असतात. मधल्या एका सुराच्या दोन तारा काकांनी ताणल्या तशा राहिल्या. तिसरी मात्र चार दिवसांत सैल पडली आणि तो सूर पुन्हा फाटका वाजू लागला.

"तू ताठ का राहत नाहीस?" शेजारच्या तारेने विचारलं.

"सैल राहायची सवय झालीय. ताणलं की दुखतं."

"दुखतं आम्हालाही. पण तू उतरलीस की आम्हीसुद्धा बेसूर ठरतो."

पुढच्या आठवड्यात काका आले, तेव्हा तिसऱ्या तारेने सगळा ताण मुकाट्याने सोसला. तरी ती घसरलीच, पण आधीपेक्षा कमी.

"पुन्हा उतरले गं," ती म्हणाली.

"मग पुन्हा चढ."

चौथ्या खेपेनंतर बाईंनी तो सूर वाजवला. तिन्ही तारांचा मिळून एकच स्वच्छ आवाज निघाला. मुख्याध्यापक दारातच थांबले. "राहू द्या पियानो," ते म्हणाले.

"पण मला दर सहा महिन्यांनी यावं लागेल," काका म्हणाले. "तारा उतरतातच."

"येऊ देत," तिसरी तार शेजारणीला म्हणाली. "चढायची वाट आता मला ठाऊक आहे."