घाटाई जागची हलेना

एक होतं नगर, बरं का. चंदनवट त्याचं नाव. नदीच्या वळणावर वसलेलं, इतकं जुनं की ते कुणी वसवलं हे कुणालाच धड सांगता येत नसे. घाटावर घाटाईचं देऊळ, पेठेत जैनांची बस्ती, म्हणजे त्यांचं मंदिर, आणि नदीकाठच्या आमराईत बौद्ध भिक्षूंचा विहार. आबोली, पाय आत घे पांघरुणात.

तर एकदा काय झालं, भर पावसाळ्यात नदी कोरडी पडली. पोरं वाळूत खेळायला लागली. पण राणी लखमादेवीच्या मनात पाल चुकचुकली. "एवढं पाणी गेलं कुठे?" तिनं वरच्या अंगाला स्वार पाठवले. ते परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोंगर खचून नदी अडली होती, आणि वर नुसता समुद्र साचला होता. तो फुटला की खाली काही उरणार नव्हतं.

मग दवंडी पिटली. माणसं टेकडीकडे निघाली. कुणी पाळणा घेतला, कुणी शेळी. जैनांनी आपले तीर्थंकर पालखीत घालून नेले. घाटाई मात्र जागची हलेना. हत्ती लावले, दोर तुटले. मल्ल आले, दमले. आणि वरून कसली तरी घरघर ऐकू यायला लागली.

पुजारी म्हणाले, "राणीसाहेब, देवीला यायचं नाही. आपण निघावं."

राणी देवीपुढे बसली. म्हणाली, "बाई, तू कुणासाठी थांबलीस?"

तेव्हा त्या दगडाच्या देवीनं हळूच मान वळवली. कोष्ट्यांच्या आळीकडे, बरं का.

राणी तिकडे धावली. तिथं एक ओली बाळंतीण बाळाला घेऊन बसलेली. नवरा गाडी आणायला गेला, तो गर्दीत अडकलेला. राणीनं तिला आपल्या मेण्यात बसवून टेकडीवर धाडलं. परत आली, तर देवीची मान आमराईकडे.

विहारात एक आंधळे, म्हातारे भिक्षू बसले होते. बाकीच्यांना वाटलं, ते पुढच्या गाडीत आहेत. "सगळे ध्यानाला बसलेत असं वाटलं मला," ते म्हणाले. मल्लांनी त्यांना पाठीवर घेतलं.

घरघर वाढली. भिंतींची माती झडायला लागली. मग देवीची मान वळली ती राजवाड्याकडे, आणि राणी तशीच तिकडे पळाली.

राजा केसरदेव एकटाच सिंहासनावर बसला होता. म्हणाला, "माझ्या वाडवडिलांचं नगर. ते सोडून मी कुठे जाऊ?"

राणी म्हणाली, "नगर टेकडीवर गेलंय. मागे राहिलात ते तुम्ही."

राणीनं हात पुढे केला, आणि राजा उठला.

मग घाटावर येऊन राणीनं देवीला नुसता हात लावला, तर देवी फुलासारखी हलकी. लेकरासारखी कडेवर घेतली आणि चढण धरली. ती वर पोचते न पोचते तोच पाणी आलं. देऊळ, पेठ, आमराई, सगळं डोळ्यांदेखत गेलं. राजा रडला.

आंधळ्या भिक्षूंनी विचारलं, "मागे कुणी राहिलं का?"

"नाही, भन्ते," राणी म्हणाली. "कुणी नाही."

मग टेकडीवर नवं चंदनवट उभं राहिलं. घाटाई, बस्ती नि विहार एकमेकांच्या सावलीत आले, आणि माणसं सुखानं नांदली. तुम्हीही आता निवांत झोपा. मी आहे इथंच.