मुकिंदा बिनमालकाच्या बाजारात

कुरणवाडीत एक भोळा माणूस राहायचा, मुकिंदा नावाचा. तसा कामाला वाघ. फक्त सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. एकदा बायको सारिका म्हणाली, "मी पाण्याला जाऊन येते, दुधावर लक्ष ठेवा." मुकिंदा बसला लक्ष ठेवून. दूध वर आलं, उतू गेलं, कट्ट्यावरून ओघळून खाली आलं. मुकिंदानं नजर काढली नाही. सारिका आली तर हा तिला म्हणतो कसा, "शेवटपर्यंत बघितलं. आता ते मोरीत गेलंय."

अशा नवऱ्याबरोबर संसार करून सारिका शहाणी झाली होती. तिच्या मनात एकच गोष्ट होती. गावात मिरची कांडप आणायचं. चटणीच्या दिवसांत कुरणवाडीच्या बायका मिरच्यांची पोती घेऊन लांबच्या गावाला जायच्या आणि तिथं रांगेत शिंकत बसायच्या. आपल्या दारात यंत्र आलं तर सगळं गाव आपल्याकडं येईल, असं तिला वाटायचं. त्यासाठी ती शेवया करून, गोधड्या शिवून पैसे जमवत होती. थोडेच कमी पडत होते.

त्यात तिचा भाऊ अभिनंदन पुण्याहून येताना मिरजेहून आईला घेऊन आला. आईला चार दिवस लेकीकडं राहायचं होतं. जेवताना अभिनंदन म्हणाला, "दाजी, फोनवर एक बाजार आहे. तिथं नाण्यांची अदलाबदल होते. नाणी हातात येत नाहीत, नुसती फोनात दिसतात. बाजाराला मालक नाही, ऑफिस नाही, मॅनेजर नाही. ज्याचं त्यानं बघायचं."

"मग भांडण झालं तर?" मुकिंदानं विचारलं.

"कुणाशी भांडणार? कुणी नाहीच तिथं."

मुकिंदाला हा बाजार फार आवडला. कांडपाला कमी पडणारे पैसे आपण तिथून आणायचे, असं त्यानं ठरवून टाकलं. सारिकाला काही हे पटलं नव्हतं. पण सख्ख्या भावाचा शब्द मोडवेना. तिनं आत जाऊन पैसे आणले आणि भावाच्या हातात ठेवले. म्हणाली, "अभ्या, चटणीच्या आधी माझं कांडप आलं पाहिजे. नाहीतर तुला ह्या घरात चहा नाही."

अभिनंदननं मुकिंदाच्या फोनवर पाकीट उघडून दिलं आणि नाणी घेऊन त्यात ठेवली. पाकिटाला किल्ली म्हणून बारा शब्द आले. "दाजी, हे पाठ करा. ज्याच्याकडं हे शब्द, त्याचं पाकीट. कुणी कितीही गोड बोललं तरी सांगायचं, मी कुणाला सांगत नसतो."

मुकिंदानं पाठ केलं. शब्दही आणि वाक्यही. अभिनंदन पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सारिकानं त्याला तालुक्याला पाठवलं, कांडपाचा भाव विचारून यायला. एसटीत शामराव कंडक्टर जवळ आला.

"कुठं जायचं, मुकिंदराव?"

"ते मी कुणाला सांगत नसतो."

"अहो, तिकीट फाडायचंय."

"गोड बोलू नका."

शामरावनं वैतागून शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं. मुकिंदाही शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आणि त्याच गाडीनं परत आला. कांडपाचा भाव काही कळला नाही.

सारिकानं भावाला फोन लावून दिला. अभिनंदन म्हणाला, "दाजी, यायचं-जायचं ठिकाण सांगायचं असतं. गुपित ठेवायचं ते पैशांचं. आता दुसरं ऐका. नाणं पाठवताना पत्ता तपासायचा. तो हातभर लांब असतो, सगळा कोण वाचत बसणार? पुढचं जुळतंय का बघायचं, मागचं जुळतंय का बघायचं. दोन्ही जुळलं की आपलंच." पुण्यातली घाईची माणसं असंच करतात, आणि कधीतरी फसतात. पण ते त्यानं सांगितलं नाही.

मुकिंदानं मान डोलावली. संध्याकाळी सारिका म्हणाली, "ओढ्यावरनं आपली म्हैस घेऊन या. गर्दी असते, नीट बघून आणा." मुकिंदानं नीट बघितलं. पुढून शिंगं बघितली, जुळली. मागून शेपूट बघितलं, जुळलं. दावं धरून जनावर घरी आणलं आणि गोठ्यात बांधलं. अंधार पडत आला होता. सारिका चरवी घेऊन खाली बसली, हात घातला आणि किंचाळून उठली.

"अहो, हा रेडा आहे."

"पुढचं जुळलं, मागचं जुळलं," मुकिंदा म्हणाला. "मधलं बघायचं नसतं."

रेड्याचा मालक काठी घेऊन दारात आला. त्याची समजूत घालता घालता सारिकाच्या नाकी नऊ आले. मुकिंदाच्या सासूबाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. त्यांना मुकिंदा सोडून सगळे "मामी" म्हणायचे. तो "मामीसाहेब" म्हणायचा, कारण लग्नात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, सासूला मान देऊन बोलावं. जावयाला बोलायचं नसतं म्हणून मामींनी पदर तोंडात कोंबला.

पुन्हा पुण्याला फोन. अभिनंदननं कपाळावर हात मारलेला इकडं ऐकू आला. मग तो म्हणाला, "दाजी, चूक होते म्हणूनच एकदम सगळं पाठवायचं नसतं. आधी थोडं पाठवायचं. पोचलं का विचारायचं. पोचलं म्हणाले की मग बाकीचं."

"आधी थोडं. पोचलं की बाकीचं," मुकिंदा म्हणाला. हे त्याला एकदम पटलं.

दोन दिवसांनी मामी मिरजेला आपल्या घरी निघाल्या. सारिका म्हणाली, "आईला एसटीत बसवून या." मुकिंदा मामींना स्टँडवर घेऊन गेला. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. मामी तिथंच. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"जावईबापू, माझी चप्पल कुठाय?"

"पाठवली, मामीसाहेब."

"कुठं?"

"मिरजेला. शामरावांच्याकडं दिली, ठिकाण सांगितलं. आधी थोडं पाठवायचं असतं. चप्पल पोचली की तुम्ही."

दुपारी त्यानं मामींच्या मिरजेच्या घरी फोन लावला, चप्पल पोचली का विचारायला. कुणी उचलला नाही. उचलणार कोण? त्या घरात मामी एकट्याच राहायच्या. मुकिंदा रोज फोन लावायचा आणि रोज येऊन सांगायचा, "अजून पोचली नाही, मामीसाहेब. तुम्हाला पाठवता येत नाही." सारिकानं नवी जोडी आणते म्हटलं, तर मामी अडून बसल्या. जोडी त्यांच्या आवडीची होती, जाड तळाची, कोल्हापूरला घासाघीस करून घेतलेली. "माझी चप्पल आल्याशिवाय मी हलत नाही," त्या म्हणाल्या. एका पायात चप्पल घालून त्या घरभर टपटप फिरायला लागल्या. आई राहिली म्हणून सारिकाला मनातून बरंच वाटलं.

अभिनंदन आता फोन उचलायला भीत होता. तरी उचलला. "दाजी, माणसं अशी पाठवत नसतात. ते जाऊ दे. आता शेवटचं ऐका. अदलाबदल करताना भाव हलतो. किती हललेला चालेल ते आपण आधी ठरवायचं. त्याच्यावर हलला की सौदा रद्द. आपलं आपल्याला परत. वाटखर्च तेवढा जातो, त्याला इलाज नाही."

त्याच दिवशी मुकिंदा दाढीला गेला. दिनकर न्हाव्यानं एक भाव सांगितला. डोकं झालं, एका बाजूची मिशी झाली, आणि दिनकर म्हणाला, "तेल लावून मालिश केलीय, त्याचे वीस वरती."

"हलला," मुकिंदा म्हणाला आणि खुर्चीतून उठला. "सौदा रद्द. माझं मला परत द्या."

"काय परत द्या?"

मुकिंदानं खाली पडलेल्या केसांकडं बोट दाखवलं. दिनकरनं गुमान केस झाडून कागदात बांधून दिले. मुकिंदानं वाटखर्चाचे दहा रुपये आरशाखाली ठेवले आणि अर्धी मिशी घेऊन घरी आला. पोरं मागून हसत होती. त्याला वाटलं, आपण व्यवहारात पक्के झालो म्हणून सगळ्यांना आनंद झालाय.

आता खरी गंमत ऐका. एका दुपारी सारिका कांडपाच्या दुकानदाराशी बोलायला तालुक्याला गेली होती. मामी आत पडल्या होत्या. मुकिंदाचा फोन वाजला.

"नमस्कार. मी बाजाराच्या मदत केंद्रातून बोलतोय. तुमचं पाकीट आज बंद पडणार आहे. बारा शब्द सांगा, मी चालू ठेवतो."

ज्या बाजाराला ऑफिसच नाही त्याला मदत केंद्र कुठलं? पण मुकिंदाच्या ते डोक्यात आलं नाही. दुसरं मात्र आलं. "ते मी कुणाला सांगत नसतो," तो ठासून म्हणाला.

चोर हुशार होता. "वा. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मेव्हण्यानं."

"आणखी काय काय शिकवलंय?"

मुकिंदानं सगळं सांगितलं. शिकलेलं कुणीतरी विचारतंय याचं त्याला कौतुक वाटलं. चोरानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग बरोबर आहे तुमचं. एकदम बारा देऊच नका. आधी एकच द्या."

मुकिंदाला माणूस आपल्यातला वाटला. त्यानं एक शब्द सांगितला आणि विचारलं, "पोचला का?"

"पोचला."

मग मुकिंदानं दुसरा सांगितला. "पोचला का?" "पोचला." असं करत करत त्यानं बाराच्या बारा पोचवले, आणि बाराव्यानंतर "बघा, एकही गहाळ झाला नाही" असंही म्हणाला.

संध्याकाळी सारिका आली. फोन बघितला तर पाकीट धुऊन पुसून रिकामं. तिनं भावाला फोन केला. अभिनंदन रडायच्या बेताला आला. "ताई, माझ्यामुळं गेलं तुझं कांडप."

"गेलं नाही," सारिका म्हणाली. "तूच सांगत होतास ना, आधी थोडं. मला ते आधीपासनंच ठाऊक होतं. तुझ्या हातात मी थोडेच दिले होते. बाकीचे तांदळाच्या डब्यात आहेत. कमी पडतील तेवढ्यासाठी दुकानदार थांबायला तयार झालाय. उद्या नेऊन भरते आणि कांडप आणते."

अभिनंदनचा जीव भांड्यात पडला. मामींनी देवाला हात जोडले. मुकिंदा कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्यालाही आनंद झाला. त्याला वाटलं, सारिकाला सगळं कळतं. थोडं पाठवलं होतं, ते पोचलं. आता काय करायचं ते त्याला माहीत होतं.

सकाळी सारिका अंघोळीला गेली. चोराचा फोन आलाच होता, आणखी काही आहे का विचारायला. मुकिंदा म्हणाला, "आहे की. कालचं पोचलं ना? मग बाकीचं पाठवतो." चोराला आपल्या कानांवर विश्वास बसेना. डबा सकाळच्या एसटीत ठेवा, शेवटच्या थांब्यावर आमचा माणूस मागून घेईल, असं तो म्हणाला. कंडक्टरला सांगा, निळ्या शर्टाचा माणूस येईल, त्याला द्या. मुकिंदा तांदळाचा डबा घेऊन स्टँडवर गेला, तो गाडीत ठेवला आणि परत आला.

"अहो, डबा कुठाय?"

"पाठवला. थोडं पोचलं होतं, तूच काल बघितलंस."

सारिका चुलीपुढं खाली बसली. इतक्या वर्षांच्या शेवया, इतक्या वर्षांच्या गोधड्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. तिला रडूही येईना. मुकिंदाला तिचा चेहरा बघून पहिल्यांदा भीती वाटली. मामी उठल्या, तिचा हात धरला आणि तिला स्टँडवर घेऊन गेल्या, एक पाय अनवाणी तसाच. मुकिंदाही मागोमाग गेला. दिवसभर तिघं तिथं बसली.

संध्याकाळी गाडी आली. शामराव खाली उतरला. त्याच्या एका हातात तांदळाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात चप्पल.

"वहिनी, हे तुमचं घ्या बघू," तो म्हणाला. "ही चप्पल कधीची माझ्यासंगं फिरतीय. मिरजेत उतरवून घ्यायला कुणी येत नाही. आणि हा डबा. शेवटच्या थांब्यावर एक जण मागायला आला होता, मी दिला नाही. सकाळी मी ह्यांना दहा वेळा विचारलं, डबा कुणाला द्यायचा. हे म्हणाले, ते मी कुणाला सांगत नसतो."

सारिकानं झाकण उघडून तांदळात कोपरापर्यंत हात घातला. पुडकं जागेवर होतं. मग मात्र तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं. अर्ध्या मिशीच्या नवऱ्याकडं ती बघतच राहिली.

तेवढ्यात मुकिंदाचा फोन वाजला. चोर तिकडून ओरडत होता, "डबा कुठाय?"

"नाही पोचला ना? तो इथंच परत आलाय," मुकिंदा मायेनं म्हणाला. "बायकोच्या मांडीवर आहे. तुमचा फार खोळंबा झाला. असं करा, तुम्हीच घरी या न्यायला. यायचं-जायचं ठिकाण सांगायचं असतं. घ्या पत्ता लिहून."

सारिका फोन ओढून घ्यायला उठली. मामींनी तिला खाली बसवलं. शामरावच्या हातातून त्यांनी आपली चप्पल घेतली. ती पायात घातली नाही. उलटी करून तळ बघितला, आणि वाकून दुसऱ्या पायातलीही काढली.

"सांगू द्या जावईबापूंना," मामी म्हणाल्या. "नीट सांगा, घर चुकायला नको. आणि त्याला म्हणावं, इथंही तीच रीत आहे. आधी एक देईन. पोचली का विचारीन. पोचली म्हणाला की मग दुसरी."