पेचाचा डबा

एका तालुक्याच्या गावात एक छोटं कॉलेज होतं आणि तिथे इतिहास शिकवणारे खांबेटे सर होते. सकाळी सातचा ठोका पडला की ते वर्गाला आतून कडी लावत. मग दारात कुणीही येवो, ती उघडत नसे.

त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बिस्किटांचा एक रिकामा डबा असे. काय दिवस होते ते! शिकवताना पेचात सापडलेला प्राध्यापक घडलेला प्रसंग कागदावर लिहून त्यात टाकी. नावं बदलून आणि निर्णय न लिहिता. शनिवारी चहाबरोबर प्राचार्य ओगलेबाई एक कागद वाचत आणि सगळे त्याचा कीस पाडत. लिहिणाऱ्याने मात्र गप्प बसायचं. दुसऱ्यांचे पेच सोडवण्यात खांबेटे सरांचा हात कुणी धरू शकत नसे. स्वतःचा कागद त्यांनी कधी टाकला नव्हता.

एका वर्षी शेवंता नावाच्या मुलीची हजेरी फारच कमी भरली. तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही करायची नाही, असं सरांनी ठरवलं. पण सही नाही म्हणजे पोरीचं वर्ष बुडणार, आणि सोमवार शेवटचा दिवस. सरांचं मन त्यांना खाऊ लागलं. अखेर त्यांनीही कागद टाकला.

बाईंनी तो वाचला. 'मुलगी बेफिकीर आहे' हे त्यात तीनदा आलं होतं.

भूगोलाचे मुल्ला सर एरवी फारसे बोलत नसत. कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "पण ही येत का नाही, हे या गृहस्थांनी तिला विचारलंय का?"

 

सोमवारी खांबेटे सरांनी शेवंताला बोलावलं. "बाळ, माझ्या तासाला का येत नाहीस?"

"रोज येते की, सर. पण आमच्या गावची पहिली एसटी सव्वासातला पोचते. तोवर कडी लागलेली असते. मग मी मागच्या खिडकीबाहेर उभी राहून लिहिते."

तिने वही पुढे केली. रोजच्या तासाच्या पानाचा वरचा भाग कोरा होता. सुटलेलं पुढे कुणाकडून तरी उतरवून घेऊ, म्हणून तिने तो राखला होता.

 हजेरीपटातल्या तिच्या गैरहजेऱ्या सरांनी खोडल्या आणि फॉर्मवर सही केली. वही ठेवून घेतली आणि आठवडाभर बसून त्या कोऱ्या जागा आपल्या हाताने भरून दिल्या. वर्गाची कडी त्यानंतर कधी लागली नाही.

आता कॉलेजची मोठी इमारत झाली आहे. डबा कुठे गेला, कुणास ठाऊक. निवृत्त खांबेटे सर मात्र दर शनिवारी चहाचा कप हातात घेतला की मुल्ला सरांची आठवण काढतात.

तात्पर्य: विद्यार्थ्याला दोष देण्याआधी त्याला विचारावं, आणि आपला पेच चारचौघांपुढे मांडायला लाजू नये, कारण आपल्याला न सुचलेला प्रश्न शेजारच्याला सुचतो.